‘रस्ता वाहतुकीयोग्य आहे’ असा शेरा मारणाऱ्यांना खुलं पत्र

मुंबईचे रस्ते बांधणारे, ते खोदायला परवानगी देणारे आणि खोदलेले रस्ते बुजवून घेणारे सर्व अधिकारी व अभियंते यांस,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात माझी एक तक्रार बंद झाली. तसा निरोप मोबाइलवर आला. खाली शेरा होता: ‘स्थळपाहणी केली. खड्डा आढळून आला नाही. रस्ता वाहतुकीयोग्य आहे.’ सोबत फोटोही होता, आणि तो खरोखरच आमच्या गल्लीचा होता. हे मुद्दाम सांगते, कारण दर वेळी असं होतंच असं नाही.

त्या फोटोत काय दिसतं ते लिहिते. मे महिन्यात पुरा झालेला काँक्रीटचा पांढुरका रस्ता. त्यातून नागमोडी गेलेला दीड हात रुंदीचा काळा पट्टा. आमच्या चाळीच्या दारापर्यंत तो काळा, तिथून पुढे लाल पेव्हर ब्लॉकचा, आणि कोपऱ्यावरच्या वाण्यापाशी लाल ब्लॉक संपले म्हणून शेवटचे चार करडे. पट्ट्याचे दोन्ही काठ उंदराने कुरतडल्यासारखे. मधोमध मॅनहोलचं झाकण, रस्त्यापेक्षा तीन बोटं खाली. कडेला उरलेल्या खडीचा ढीग आणि त्यावर निवांत झोपलेलं कुत्रं. फोटो काढणाऱ्याला यात वावगं काही दिसलं नाही.

खड्डा नाही, हे कबूल. पण खड्ड्याची तक्रार मी केलीच नव्हती. मी लिहिलं होतं, ‘नवा रस्ता चार महिन्यांत खोदला आणि भलत्याच मालाने बुजवला आहे, तो होता तसा करून द्यावा.’ शेरा आल्यावर फोन केला, तर पलीकडच्या गृहस्थांनी अगदी सौजन्याने मला समजावलं, ‘मॅडम, हा नुसता दिसण्याचा प्रश्न आहे. रस्ता चालू आहे ना?’

हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. कार्यालयाचं नाव मी घेत नाही. त्या गृहस्थांवरही माझा राग नाही, त्यांच्यासमोरच्या यादीत ‘खड्डा आहे’ आणि ‘खड्डा नाही’ असे दोनच पर्याय असणार. माझं भांडण त्या यादीशी आहे.

आधी मी कोण ते सांगते. मी गिरगावची. लग्न होऊन या गल्लीत आले त्याला एकतीस वर्षं झाली. गेली नऊ वर्षं लोकांना पायी मुंबई दाखवणं हा माझा धंदा आहे. रविवारी सकाळी सात वाजता निघायचं. कधी गिरगाव आणि खोताची वाडी, कधी बोरीबंदर ते काळाघोडा, कधी ओव्हल मैदानाच्या कडेने मरीन ड्राइव्हपर्यंत. माणसं नाशिकची, सांगलीची, लातूरची असतात. बोरिवली-मुलुंडचीही असतात, ज्यांनी तीस वर्षं लोकलमधून फक्त ऑफिस गाठलं आणि फोर्टात कधी मान वर करून पाहिलं नाही.

माझ्या धंद्यात सगळ्यात जास्त वेळा तोंडात येणारं वाक्य म्हणजे ‘आता जरा वर बघा’. बोरीबंदरच्या भिंतीवर कोरलेले प्राणी वर आहेत. राजाबाई टॉवर तर सगळाच वर आहे. ओव्हलसमोरच्या आर्ट डेको इमारतींच्या खिडक्यांवरचे भुवयांसारखे छज्जे वर, खोताच्या वाडीतल्या लाकडी गॅलऱ्या वर. 2018 साली युनेस्कोने इथल्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो सगळा वारसा जमिनीपासून दहा फुटांवर सुरू होतो. आणि माझे पाहुणे चालतात ते खाली बघत. मी ‘वर बघा’ म्हटलं की दोन सेकंद वर बघतात, लगेच नजर पायाशी. त्यांचंही बरोबर आहे. एकदा नगरच्या एका वहिनी माझ्या सांगण्यावरून वर बघत चालल्या आणि दबलेल्या झाकणावर त्यांचा पाय मुरगळला. तेव्हापासून मी आधी सगळ्यांना थांबवते, मग वर बघायला सांगते. चालता चालता शहर बघायची सोय इथे राहिलेली नाही.

ही झाली धंद्यातली अडचण. मनाला लागलं ते वेगळंच.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी सांगलीकडचे एक निवृत्त गुरुजी पत्नीसह आले होते. खिशात छोटी वही, सांगितलेलं सगळं टिपून घेणारे. केशवजी नाईक चाळीसमोर मी सांगितलं की मुंबईतला सार्वजनिक गणेशोत्सव 1893 मध्ये इथे सुरू झाला. त्यांनी ते लिहून घेतलं, वर साल दोनदा विचारून खात्री केली. फेरी संपल्यावर आमच्या गल्लीतून चहाला चाललो होतो. गुरुजी त्या लाल ब्लॉकांपाशी थांबले. करड्या चार ब्लॉकांकडे बघत म्हणाले, “इमारती फार सुंदर आहेत हो बाई. पण तुमच्या मुंबईत काम पुरं करायची पद्धत नाही वाटतं.”

मला मनस्वी राग आला. ज्या शहरात डबा वेळेवर पोचतो, लोकल दोन मिनिटं लेट झाली तर बोंब होते, गणपतीचा मांडव एका रात्रीत उभा राहतो, त्या शहराला काम पुरं करायची पद्धत नाही? तोंडावर आलं होतं. पण बोलणार काय? पुरावा आमच्या दोघांच्या पायाखाली होता. गुरुजींनी हे वहीत लिहिलं नाही, निदान माझ्यासमोर तरी.

पाहुणा शहराबद्दल मत बनवतो ते हे असं. इमारती आपल्या पूर्वजांनी बांधल्या हे त्याला ठाऊक असतं, समुद्र कुणी बांधला नाही हेही ठाऊक असतं. आज इथे राहणारी, आज इथे काम करणारी माणसं कशी आहेत, हे तो रस्त्यावरून ओळखतो. नव्या घरी गेलं की आपण फरशी बघतोच ना? फरशी महागाची आहे की शहाबादी, हे कुणी बघत नाही. कोपऱ्यातून केर काढलाय की नाही, ते बघतात.

आता ‘नुसत्या दिसण्या’बद्दल. आमच्या चाळीत पहिल्या मजल्यावर एक काका राहतात, उभी हयात रस्त्याच्या कामांवर मुकादमी केलेले. गुडघ्यांमुळे आता खाली उतरत नाहीत, दिवसभर गॅलरीत बसून गल्ली बघतात. चर बुजवला त्या दिवशी मी त्यांना विचारलं, कसं वाटतं काम? ते वरूनच वाचायला लागले, जसं कुणी पेपर वाचावा.

काठ वाकडेतिकडे आहेत, म्हणजे कटर लावलाच नाही, थेट ब्रेकर मारला. आधी कटरने सरळ रेघ कापून घ्यायची असते, मग आतला भाग फोडायचा. नुसत्या ब्रेकरने काठ आतूनही पिचतो आणि पुढे गाड्यांच्या चाकांनी त्याचे टवके उडत राहतात. पट्टा मध्ये दबलाय, म्हणजे भरण थराथराने घालून, पाणी मारून, धुमसून बसवलं नाही, एकदम लोटलं. पांढऱ्यात काळं घातलंय, म्हणजे काँक्रीट घालून ते पिकेपर्यंत थांबायची कुणाची तयारी नव्हती. काँक्रीटची पुरी ताकद 28 दिवसांनी धरतात. तोवर गोणपाट घाला, पाणी मारा, गाड्या अडवा, लोकांच्या शिव्या खा. मास्टिक, म्हणजे गरम ओतायचा डांबरी माल, सकाळी ओतला की संध्याकाळी रस्ता खुला आणि माणसं दुसऱ्या कामावर मोकळी. लाल ब्लॉक का, तर दुसऱ्या कुठल्या कामातून उरलेले. काका म्हणाले, “हे वर आहे ते दिसतंय म्हणून तुम्ही बोलताय. आत काय झालंय ते हेच सांगतंय.”

दिसणं वरवरचं असतं हा समज इथे मोडतो. रस्त्याच्या बाबतीत दिसणं हा तपासणीचा कागद आहे, आणि तो अगदी फुकट, सगळ्यांना वाचता येईल असा उघड्यावर पडलेला आहे. काळा माल आणि पांढरं काँक्रीट एकमेकांना धरत नाहीत. मुंबईत चार महिन्यांत दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो, तो त्या सांध्यातून आत शिरणार, खालचं भरण वाहून नेणार, आणि पुढच्या जुलैत बरोबर तिथेच खड्डा पडणार. तेव्हा तुम्ही याल, पाहणी कराल आणि लिहाल, ‘खड्डा आढळून आला.’ मी नोव्हेंबरातच सांगत होते, पण तेव्हा तो दिसण्याचा प्रश्न होता.

बरं, दिसण्याला किंमत नाही असं या शहराचं धोरण कधीच नव्हतं. 2015 साली मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतो? ‘राणीचा कंठहार’ म्हणतात त्या दिव्यांच्या रांगेचा रंग गेला म्हणून लोक चिडले, पुढारी बोलले, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि पिवळी छटा परत आणावी लागली. पांढऱ्या दिव्यांखालीही रस्ता दिसत होताच. ‘उजेड पडतोय ना, मग झालं’ असं म्हणून तेव्हा कुणी तक्रार बंद केली नाही.

डिसेंबर 2022 मध्ये जी-20 च्या बैठकीसाठी परदेशी पाहुणे आले. पाहुणे जाणार त्या वाटांवर रंग लागले, रोषणाई झाली, काही झोपड्यांपुढे पडदे उभे राहिले. त्या पडद्यांबद्दल मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही, ते वेगळं पत्र होईल. पण त्या आठवड्यात एक गोष्ट सिद्ध झाली: रस्ता बघून माणूस शहराबद्दल मत बनवतो हे तुम्हाला पुरतं माहीत आहे. फक्त तो माणूस कोण, यावर सगळं ठरतं. सांगलीचे गुरुजी त्यात बसत नाहीत.

आणि आम्ही स्वतः? पाहुणा दोन दिवसांत जातो. त्याच गल्लीतून शाळेत जाणारी पोरं दहा वर्षं तोच पट्टा ओलांडतात. त्यांना हळूहळू वाटायला लागतं की रस्ता असाच असतो: कापलेला, शिवलेला, कुठेही काहीही लावलेला. मग हातातलं वेष्टन खाली टाकायला जड जात नाही. पानवाल्याच्या शेजारी पिंक टाकायची जागा कुठली, बघितलंय कधी? गुळगुळीत काँक्रीटवर थुंकताना माणूस क्षणभर तरी कडेला सरकतो. तुटक्या काठापाशी बिनदिक्कत थुंकतो. हा माझा गॅलरीतला अभ्यास आहे, काकांसोबतचा, त्याला कुठलाही शिक्का नाही.

पाडव्याचं सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

गुढीपाडव्याची गिरगावातली शोभायात्रा तुम्हाला माहीत असेल. फडके गणपतीपासून निघते, नऊवारीतल्या बायका बुलेटवर असतात, दुसऱ्या दिवशी त्यांचे फोटो सगळीकडे. त्याआधीच्या रात्री काय चालतं ते फोटोत येत नाही. गल्लीगल्लीत रांगोळ्या पडतात. आमच्याकडे रात्री अकराच्या पुढे शेवटची स्कूटर आत गेली की दोन्ही तोंडांना बाकडी आडवी लावतो, पाइपने रस्ता धुतो, वाळला की गेरूचा हात देतो. मग खिळा आणि सुतळी घेऊन मधोमध वर्तुळ. पहाटे चारपर्यंत सात-आठ बायका आणि कॉलेजातली पोरं ओणवी.

गेल्या पाडव्याला जुना, उखडलेला डांबरी रस्ता होता, तेव्हा रांगोळी वाण्यासमोरच्या फरशीवर काढली, लहानशी. मे महिन्यात काँक्रीट झालं तेव्हा आम्हाला खरा आनंद कशाचा झाला असेल, तर या रांगोळीचा. तुम्ही अभियंते आहात, तुम्हाला ठाऊकच आहे की ओल्या काँक्रीटवर शेवटी ब्रशने आडव्या बारीक रेघा ओढतात, चाकं घसरू नयेत म्हणून. त्या रेघांमध्ये रांगोळी इतकी सुंदर धरते! चिमटीतून सुटलेला कण जागचा हलत नाही, वाऱ्यानेही नाही. तुमच्या कुठल्याही निविदेत हा उपयोग लिहिलेला नसेल. दिवाळीत आम्ही गल्लीभर दहा फुटांचं कमळ काढायचं ठरवलं होतं. दिवाळीच्या आधी तीन आठवडे चर आला.

तरी काढलं. अर्धं कमळ काँक्रीटवर, मग काळा पट्टा, मग उरलेलं अर्धं. काळ्यावर गेरू बसेना, तेलकट चमकत राहिला. पाकळीची रेघ काठापाशी आली की तुटक्या कपारीत रांगोळी सांडायची, हाताने बाहेर काढून परत ओढायची. पलीकडे ब्लॉकांवर तर एकेक रेघ म्हणजे एकेक फट, चमचाभर रांगोळी खाली गडप. शेजारची मुलगी, आर्किटेक्चरला आहे, शेवटी हात झटकून उठली आणि म्हणाली, “काकू, कमळाला टाके घातल्यासारखं दिसतंय.” सकाळी येणारे-जाणारे फोटो काढत होते ते एकाच कोनातून, पट्टा येणार नाही असा.

हे सगळं होऊनही रस्ता वाहतुकीयोग्य आहे, यात वाद नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. काँक्रीट झालं तेव्हा रस्त्याची पातळी वर आली आणि झाकणं जुन्याच पातळीला राहिली, हे एका गल्लीपुरतं नाही, मी फिरते त्या निम्म्या वाटांवर आहे. उघड्या मॅनहोलची किंमत या शहराने 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात एका नामवंत डॉक्टरांचा जीव देऊन मोजली आहे. काम झाल्यावर डेब्रिज आठवडेच्या आठवडे पडून राहतं, मग कुणीतरी त्यावर कचरा टाकतं, मग तो कचऱ्याचाच ढीग होतो. झेब्रा पट्टे चर ओलांडताना मध्येच गायब होतात, कारण पट्टे रंगवणारे वेगळे आणि चर बुजवणारे वेगळे. चौकातले पेव्हर ब्लॉक एक निघाला की शेजारचे चार निघतात. दात पडायला लागल्यासारखं.

तुमची बाजू मला माहीत नाही असं नाही. मुंबईत महापालिकेकडेच सुमारे दोन हजार किलोमीटर रस्ते आहेत. शिवाय काही रस्ते दुसऱ्या यंत्रणांकडे. जमिनीखाली पाणी, मलनिस्सारण, वीज, गॅस, इंटरनेट, एकावर एक. मेट्रोसाठी आमचं गिरगाव कित्येक वर्षं पत्र्यांच्या आड होतं, तेही आम्ही सोसलं, आणि आता भुयारातून गाडी जाते तेव्हा अभिमानही वाटतो. जानेवारी 2023 मध्ये सुमारे 400 किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाचं भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते झालं, हजारो कोटींचं काम आहे. कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या कामात ही बाई चार करड्या ब्लॉकांवरून भांडते.

पण एवढं मोठं काम चाललंय म्हणूनच भांडते. हजारो कोटींचा रस्ता झाला आणि दीड हात रुंदीच्या चराने त्याची अब्रू गेली, तर ते पैसे कुणाला दिसणार? नव्या पैठणीला कुणी गोणपाटाचं ठिगळ लावत नाही. लावलंच तर बघणारा पैठणी बघत नाही.

काँक्रीट टिकत नाही, मुंबईचा पाऊसच असा, हेही मला सांगू नका. 1940 च्या आसपास झालेला मरीन ड्राइव्हचा काँक्रीटचा रस्ता समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात आणि भरतीच्या तुषारांत कित्येक दशकं टिकला. त्या किनाऱ्याच्या बांधकामात रत्नागिरीहून फाटक्या खिशाने आलेल्या भागोजीशेठ कीरांचा वाटा मोठा होता, हे मी फेरीत आवर्जून सांगते आणि कोकणातली माणसं असली की ती हटकून खूश होतात. आणखी मागे जायचं तर ट्रामचे रूळ आठवा. ट्राम 1964 च्या मार्चअखेर बंद झाली, रूळ डांबराखाली गेले. पन्नासहून अधिक वर्षांनी फ्लोरा फाउंटनपाशी खोदकाम करताना ते सापडले, तेव्हा लोक गर्दी करून बघत होते. खाली गाडलेल्या कामाकडे बघून लोक ‘काय काम होतं’ म्हणतात. आपण वर उघडं ठेवलेलं काम बघून काय म्हणतात, ते गुरुजींनी सांगितलंच आहे.

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास 6 लाख आणि जखमी झाल्यास 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. ते योग्यच झालं. माझ्या तक्रारीला असा कुठला आकडा नाही. विजोड रस्ता रोज बघितल्याबद्दल भरपाई मागता येत नाही, मागायचीही नाही. मला काम हवंय. मागण्या सरळ आहेत:

एक. ज्या मालाचा रस्ता, त्याच मालाने चर बुजवावा. काँक्रीट असेल तर कटरने सरळ कापून, शक्य तिथे एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत पुरा चौकोन नवा घालावा. तातडी म्हणून तात्पुरतं मास्टिक ओतलंच, तर ते कधी काढणार ती तारीख तिथेच लिहावी. तात्पुरतं म्हणजे किती, हे आम्हाला कळायला हवं.

दोन. तक्रारींच्या यादीत ‘खोदकामानंतर रस्ता पूर्ववत केला नाही’ असा वेगळा पर्याय द्यावा, आणि ‘वाहतुकीयोग्य’ या शेऱ्याने तो बंद करता येऊ नये. तक्रारदाराने बघून होकार दिल्यावरच तक्रार बंद व्हावी, ही माझी जास्तीची मागणी. यावर घासाघीस चालेल.

तीन. चर खणला की तिथे पाटी हवी. कुणी खणला, कशासाठी, बुजवणार कोण, आणि बुजवलेलं काम किती महिने कुणाच्या जबाबदारीवर. अक्षरं मराठीत आणि रस्त्यावर उभं राहून वाचता येतील अशी. सध्या पाटी असते ती भूमिपूजनाची, त्यावर सोळा नावं असतात आणि एकाही नावाला फोन लावता येत नाही.

चार. काँक्रीट घालण्याआधी गल्लीतल्या सगळ्या सेवावाल्यांना एकदा बोलवा, ज्याला जे खाली टाकायचंय ते टाकू द्या, पुढच्या वायरींसाठी रिकामे पाइप ठेवा. नंतर गळतीसारखी खरी तातडी सोडून ठरावीक वर्षं परवानगी देऊ नका. हे नियम कागदावर असतीलही. मी रस्त्याबद्दल बोलतेय.

पाच. झाकणं रस्त्याच्या पातळीला, रस्ता खुला करण्याच्या आधी. नंतर नाही.

सहा, आणि ही माझी स्वतःची. आमची गल्ली पाडव्याच्या आत नीट करून द्या. 28 दिवस मोजले तर तुमच्याकडे अजून वेळ आहे. गाड्या आम्ही बाहेर ठेवू, गोणपाट भिजवायला चाळीतली पोरं लावू, काका गॅलरीतून लक्ष ठेवतीलच.

गल्लीतल्या बायकांची गेल्या रविवारी बैठक झाली, चहा-भज्यांसकट. यंदाची रांगोळी पंधरा फुटांची ठरली आहे. रस्ता झाला तर अखंड काढू. नाही झाला तर या वेळी पट्ट्यावरून ओढत बसायचं नाही, असं ठरलंय. काठापर्यंत रंग भरायचा, तिथे थांबायचं, आणि पलीकडून पुन्हा सुरू करायचं. मधला पट्टा जसा आहे तसा, गेरूही न लावता मोकळा सोडायचा. सकाळी सातच्या सुमारास शोभायात्रेचे फोटोवाले गल्लीत येतात. स्थळपाहणीला तुमचा माणूस तेव्हाच पाठवला तर बरं, फोटो वेगळा काढावा लागणार नाही.

कळावे,

आपली,
गिरगावातली एक रहिवासी, पायी मुंबई दाखवणारी